मागच्या खोलीखाली

गणपतीचं विसर्जन झालं त्या आठवड्यात मागच्या खोलीचं दार लागेनासं झालं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्यात नवल काही नव्हतं. रंगनाथनं दार बिजागरीतून उतरवलं, अंगणात विटांवर आडवं टाकलं आणि कडेनं रंधा मारला. परत बसवलं तेव्हा ते लोण्यासारखं लागलं. पण थोड्याच दिवसांत वरच्या कोपऱ्याला पुन्हा अडकायला लागलं. आता लाकूड फुगलेलं नव्हतं, चौकटच कलली होती. रंगनाथला ते दिसलं, पण तो कुणाजवळ बोलला नाही. त्यानं पुन्हा रंधा काढला.

रंगनाथ अल्हाट खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होता. निवृत्त होईपर्यंतचा सगळा संसार क्वार्टरमध्ये झाला. तिथं भिंतीत खिळा ठोकायचा तरी सरकारची भिंत. एक दिवस किल्ली परत द्यावी लागणार हे ठाऊक असल्यानं त्यानं हडपसरच्या पुढं, ऊस मोडून प्लॉट पाडले होते तिथं, गुंठाभर जागा घेतली. सुट्टीच्या दिवशी खडकीहून मोटारसायकलवर यायचा, गवंड्याच्या हाताखाली माल कालवायचा, संध्याकाळी स्वतः भिंतींवर पाणी मारायचा. पुढं बसायची खोली, मागं स्वयंपाकाची, तिच्याच कोपऱ्यात मोरी आणि संडास. पुढच्या खोलीत तो आणि सुशीलाबाई झोपत. मागच्या खोलीत ओट्याच्या समोर कल्याणीचं अंथरूण पडे. कल्याणी त्यांची एकुलती एक. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. सकाळी लवकर उठून, हेल्मेट घालून, लोकांच्या घरी रक्ताचे नमुने घ्यायला जायची.

अल्हाटांच्या घरात ख्रिस्ती धर्म रंगनाथच्या आजोबांपासून होता. रंगनाथला तो आडनावाबरोबर मिळाला होता आणि आडनावाइतकाच तो वापरत असे, म्हणजे कुणी विचारलं तर. नाताळला नवा शर्ट, कुणी गेलं की कबरस्तानात मूठभर माती, एवढंच. सुशीलाबाईचं तसं नव्हतं. ती दर रविवारी चर्चला उपासनेला जायची, गुरुवारी मंडळीतल्या बायकांबरोबर घरोघरच्या प्रार्थनासभेला जायची. जेवायला बसलं की डोळे मिटून अन्नाबद्दल, घराबद्दल देवाचे आभार मानायची. रंगनाथ तोवर घास मोडून मोकळा झालेला असे.

"घर मी बांधलंय," तो म्हणायचा. "माझे पण मान जरा."

"तुमचेही मानते," ती डोळे न उघडता म्हणायची.

दारानंतर ओटा. सुशीलाबाई एके सकाळी म्हणाली, "अहो, कढईतलं तेल एकाच बाजूला जमतंय. डोसा एकीकडे जाड होतो, एकीकडे करपतो."

"शेगडीचा पाय वाकडा असेल."

"पाय मी बघितला. पाय सरळ आहे."

मग खिडकीच्या कोपऱ्यातून माळ्यापर्यंत भिंतीला चीर गेली. आधी तिच्यात नख जाई, पुढं बोट जायला लागलं. रंगनाथनं पांढरं सिमेंट भरलं. चीर सिमेंटसकट उघडली.

"पप्पा, हे नॉर्मल नाहीये," कल्याणी म्हणाली. "कुणाला तरी दाखवू ना."

"नवीन घर बसतं जरा."

"नवीन? मी कॉलेजला होते तेव्हा बांधलंय हे!"

शेजारी कादरचं घर होतं. त्याचा स्वतःचा टेम्पो होता, मार्केट यार्डात भाजीची भाडी करायचा. कल्याणीनंच त्याला बोलावून आणलं. कादरनं चप्पल दाराबाहेर काढली, मागच्या खोलीभर पहारीच्या बोथट टोकानं फरशी ठोकत फिरला. ओट्यापाशी आवाज भरीव येत होता. कल्याणीच्या अंथरुणाच्या जागी आवाज बदलला. कादरनं पुन्हा ठोकलं आणि रंगनाथकडं बघितलं.

"रंगनाथभाऊ, खाली पोकळ वाजतंय. जागा कुणाकडून घेतली होती?"

ज्याच्याकडून घेतली होती तो शंभूशेठ गावातच राहायचा. उसाच्या जागी आता त्याचं मंगल कार्यालय उभं होतं आणि तो त्याच्या पायरीवर खुर्ची टाकून बसलेला असायचा. रंगनाथ गेला तेव्हा तो मंडपवाल्याशी बोलत होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत रंगनाथ उभाच राहिला.

"मागची खोली खचली म्हंता?" शंभूशेठनं आठवल्यासारखं केलं. "तिथं आमची जुनी हीर व्हती की. आज्यानं पाडलेली. प्लॉट पाडताना बुजीवली. राडारोडा टाकला, वर माती वढली."

"मला सांगितलं नाहीत तुम्ही."

"तुमी इचारलं न्हाय."

"असं कसं विचारणार? विहीर बुजवून विकताय का, असं कोण विचारतं?"

"मंग असं सांगतं तरी कोन?" शंभूशेठ हसला. त्याच्यात वैर नव्हतं, हेच जास्त लागलं. "आख्ख्या गावाला ठाव हाय. कुनालाबी इचारायचं. तुमी शेरातली मानसं, घाईत असता. आन् आता इतक्या वर्सांनी माझ्याकडं काय? बसा, चा घ्या."

आणि रंगनाथनं चहा घेतला. समोर आला, त्यानं कप उचलला, पिऊन टाकला. परत येताना कॅनॉलच्या पुलावर त्याला ते आठवलं आणि तो पाण्यात थुंकला. ज्या माणसाची गचांडी धरायला गेलो त्याचा चहा पिऊन, "येतो" म्हणून आलो.

दुसऱ्या दिवशी कादर भाड्याला गेला नाही. दोघांनी मागच्या खोलीतलं सामान पुढं काढलं. गॅस, डबे, पिंप, कल्याणीची गादी गुंडाळून. रंगनाथनं छिन्नीनं फरशीचा सांधा फोडला, फरशी उचलली. खाली चुन्याचा थर, त्याखाली काँक्रीटचा कोबा. कादरनं पहार मारली. कोबा दणाणला. त्यानं पुन्हा मारली आणि पहार त्याच्या हातातून निसटून खाली गेली. दोघं जागच्या जागी थबकले. मग खूप खालून दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, आणि त्यामागं पाण्याचा.

"या अल्लाह," कादर म्हणाला आणि मागं सरला.

कडेकडेनं कोबा तोडत त्यांनी भोक मोठं केलं. रंगनाथ पालथा पडला आणि बॅटरी खाली धरली. घडीव दगडांची गोल भिंत होती. भरलेला राडारोडा दर पावसाळ्यात खाली खाली बसत गेला होता आणि वर नुसता कोबा राहिला होता, मडक्याच्या तोंडावर कागद बांधावा तसा. मधे काही नव्हतं. एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहिला तरी हात वर पोचला नसता, एवढं खोल. तळाला काळं पाणी होतं आणि त्यातून ओल्या सिमेंटच्या पोत्यांचा वास येत होता.

सुशीलाबाई दारात येऊन उभी होती. तिनं खाली बघितलं, मग गुंडाळलेल्या गादीकडं बघितलं.

"इथंच झोपायची ती," ती म्हणाली. आणि तिथंच धुळीत, रोड्यांत गुडघ्यांवर बसली, हात जोडले. "देवा बापा, तुझे उपकार. किती उपकार मानू तुझे."

रंगनाथचं डोकं फिरलं. "उपकार? कशाचे उपकार?" तो ओरडला. "घर गिळायला बसलीय ही विहीर, आणि तू उपकार मानतेस? जागा घेताना तुझ्या देवाला दिसत नव्हतं का खाली काय आहे ते? तेव्हा सांगायला काय झालं होतं त्याला?"

"अहो, पोर जिवंत आहे आपली."

"घर मेलं ना माझं!"

त्यानं घमेल्याला लाथ मारली. घमेलं भिंतीवर आदळलं, भिंतीचा गिलावा खपल्या होऊन खाली आला. कादर नजर चुकवून बाहेर गेला. सुशीलाबाई उठली नाही. ओठ हलत होते तसेच हलत राहिले.

कल्याणीच्या ओळखीनं नारायण पेठेतल्या एका इंजिनिअरची वेळ मिळाली. दत्तप्रसाद नाव. जिना चढून गेल्यावर एका खोलीचं ऑफिस, चपला बाहेर काढण्याबद्दल पाटी, आत बसण्याबद्दल काही नाही. त्यानं कल्याणीच्या मोबाईलवरचे फोटो बोटानं मोठे करून पाहिले.

"काका, विहिरीवर घर बांधलंत की घर बांधून खाली विहीर खणलीत?"

रंगनाथनं बोटानं पुढचा फोटो सरकवला.

"मागची खोली उतरवा. तुम्ही नाही उतरवलीत तर ती स्वतः उतरेल, आणि वेळ विचारणार नाही. मग विहीर दगड आणि मुरमानं नीट भरा, थर चोपत चोपत. पुढच्या खोलीचा पाया जपा."

"भरल्यावर पुन्हा बांधता येईल ना?"

"काही वर्षं तरी नाही. आणि मग माझ्याकडं या, मी पुन्हा नाहीच म्हणेन." त्यानं मोबाईल परत दिला. फी मात्र घेतली नाही. रंगनाथ देऊ लागला तर म्हणाला, "राहू द्या. दगडाला लागतील."

मग पाडायचे दिवस सुरू झाले. पत्रे रंगनाथनं स्वतः उतरवले. जे नटबोल्ट त्यानंच ग्रीस लावून आवळले होते ते त्यानंच सोडवले. भिंत वरून खाली, एकेक वीट. हातोड्याचा घाव नेमका सांध्यावर बसला तर वीट शाबूत निघे. मजूर लावायचे त्याच्या जिवावर येत होतं. स्वतःच्या घराची खोली दुसऱ्यानं पाडलेली बघवणार नाही, असं तो म्हणायचा. दुपारी उन्हात त्याचं डोकं गरगरे. हाताला फोड आले, फुटले, परत आले. सिमेंटची धूळ घामात मिसळून मानेला चिकटे आणि खरवडून काढावी लागे. संध्याकाळी त्याला बसलेलं उठता येत नसे.

ओटा गेला. संडास गेला. सुशीलाबाई सकाळी बादली घेऊन कादरच्या घरी जायची. कादरची बायको मदिनाबी काही बोलायची नाही, उलट आधीच दाराची कडी काढून ठेवायची. पण रंगनाथ पुढच्या खोलीच्या खिडकीतून बायकोला पदर डोक्यावर ओढून, बादली पदराआड धरून, शेजाऱ्याच्या दारात जाताना बघायचा आणि त्याला वाटायचं, खडकीचं क्वार्टर बरं होतं. सरकारची का असेना, आपली मोरी होती. स्वतः तो उजाडायच्या आत कॅनॉलच्या कडेला जाऊन यायचा. नोकरीत असताना ज्याच्या बुटाला कधी चिखल नव्हता तो माणूस हातात प्लास्टिकची बाटली घेऊन बाभळीआड बसायचा.

एका गुरुवारी सुशीलाबाई म्हणाली, "आज प्रार्थनासभा आपल्याकडं आहे."

"आपल्याकडं? कुठं बसवणार? खड्ड्यात?"

"पुढच्या खोलीत."

"नाही म्हणून सांग. मला शोभा नाही करायची."

"पाळी आपली आहे," ती म्हणाली. "घर चांगलं होतं तेव्हा दर वेळी बोलावलं. आता वाईट आहे तर नको म्हणू?"

बायका आल्या. चर्चचे पाळक रणपिसे आले, सायकल भिंतीला लावून. सगळ्यांत शेवटी मार्थाबाई आल्या, जुन्या मिशनच्या शाळेतल्या निवृत्त बाई. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. पुढच्या खोलीत खाट, गॅस, पिंप, डबे आणि त्यांच्या मधे सतरंजी. रंगनाथ आत आला नाही. तो अंगणात बसून पाडलेल्या विटांचं सिमेंट हातोडीनं तासत होता, आणि आतला आवाज वाढला की मुद्दाम जोरानं तासत होता. तरी कानावर येतच होतं. कुणी आजाऱ्यासाठी मागत होतं, कुणी मुलाच्या नोकरीसाठी. मग मार्थाबाईंचा आवाज आला, उरलेल्या खोलीबद्दल देवाचे आभार मानत. रंगनाथनं वीट दोन तुकडे होईल एवढ्या जोरानं घाव घातला.

थोड्या वेळानं मार्थाबाई काठी टेकत बाहेर आल्या.

"अल्हाट, आवाज जरा मोठा करा. प्रार्थना अजून ऐकू येतेय."

रंगनाथनं मान वर केली नाही. "बाई, तुम्हाला हसू सुचतंय. माझं घर गेलं."

"हसत नाही. रागावला आहात ना?"

"हो."

"कुणावर?"

त्यानं पुढची वीट उचलली.

"त्याच्यावर असेल तर त्यालाच सांगा. सरळ भांडा. विटांचं काय चुकलं?" असं म्हणून त्या वळल्या आणि दोन पायऱ्या चढायला त्यांना बराच वेळ लागला. रंगनाथनं हातोडी खाली ठेवली. हात द्यावा असं मनात आलं, पण तो उठला नाही.

नवरात्र सरलं तरी पावसानं पाठ सोडली नव्हती. कादर मार्केट यार्डातून परतताना खाणीवरून दगड आणून टाकायचा. विहिरीत निम्म्यापर्यंत भर पडली होती. त्या दिवशी दुपारी आभाळ एकाएकी काळं झालं आणि असा पाऊस कोसळला की शेजारचं कादरचं घर दिसेना. ऊस होता तेव्हाची पाण्याची जुनी वाट अजून जमिनीला आठवत होती. सगळ्या प्लॉटांचं पाणी धावत त्या खड्ड्याकडं आलं. रंगनाथ ताडपत्री डोक्यावर घेऊन बघायला गेला तर पुढच्या खोलीच्या भिंतीखालची माती ढेकळाढेकळानं सुटून खाली जात होती. पाया उघडा पडत होता.

"सुशीला, घमेलं दे. पाटी दे. मोठे दगड कडेला लोट."

"अहो, उतरू नका! ऐका माझं. कादरभाई येऊ देत."

"तो येईपर्यंत भिंत जाईल. मग काय राहिलं?"

तो शिडी लावून उतरला. पोटऱ्यांपर्यंत गाळ होता. वरून सुशीलाबाई दगड सरकवून देत होती, तो ते भिंतीच्या पायाखाली रचत होता, एकावर एक, चिखलानं बुळबुळीत झालेले. हात बधिर झाले होते. त्यानं एक मोठा दगड छातीशी धरून उचलला आणि त्याच वेळी मागची बाजू सरकली. आवाज फारसा झाला नाही. मातीचा एक जाड थर, जेवणाच्या ताटावरून भात घसरावा तसा, आला आणि त्याला भिंतीशी दाबून छातीपर्यंत भरून गेला. शिडी कुठं गेली ते कळलं नाही. डाव्या पायावर दगड बसला होता आणि पायात काहीतरी मोडलं ते त्याला ऐकू आलं.

सुशीलाबाई ओरडली. मग ओरडणं थांबवून ती कडेला पालथी पडली आणि दोन्ही हात खाली सोडून तिनं त्याचं मनगट पकडलं. तिच्या किंकाळीनं मदिनाबी धावत आली. कडेचा चिखल सुशीलाबाईला घेऊनच खाली यायला लागला होता. मदिनाबी तिच्या पायांवर आडवी पडली आणि पाय कवटाळून धरले.

"सोड," रंगनाथ म्हणाला. श्वास पुरा येत नव्हता. "सोड, तू पण येशील."

"गप्प बसा."

पाणी वाढत होतं. मान वळत नव्हती, त्यामुळं समोर होतं तेच त्याला बघावं लागत होतं. समोर त्याच्याच घराचा पाया होता, खालून. इतकी वर्षं त्यानं ज्याच्यावर फरशी पुसली, खाट टाकली, पाहुणे बसवले, ते खालून कसं दिसतं हे तो पहिल्यांदा बघत होता. त्यानं घातलेला पाया वीतभर मातीत होता, बस्स. आणि माती गेली तरी भिंत उभी होती, कारण खाली विहिरीच्या काठाचे जुने घडीव दगड होते आणि नेमकी त्यांच्यावर ती टेकली होती. ते दगड त्यानं घातले नव्हते. ते तिथं आहेत हे त्याला माहीतही नव्हतं. आखणी करताना दोरी हातभर मागं पडली असती तर दोघं नवरा-बायको झोपत होते तिथंही खाली काही नसतं.

घर मी बांधलंय, असं तो म्हणत आला होता.

त्याच्या मनात कल्याणी आली. कोब्याच्या पापुद्र्यावर कूस बदलणारी. त्या पापुद्र्याला कुणी धरून ठेवलं होतं? त्यानं तर नाही. तो पलीकडं घोरत होता.

त्याला प्रार्थना येत नव्हती. लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेली एकही ओळ त्या वेळी तोंडात आली नाही. पाणी हनुवटीशी आलं होतं. "प्रभू," तो म्हणाला, "मी काहीच धरलेलं नव्हतं रे. सगळं तूच धरलं होतंस." मग वर बायकोचा चेहरा दिसला, चिखलानं माखलेला, दात आवळलेला. आणि तो म्हणाला, "आता हिला धर. मला नाही धरलंस तरी हिला धर."

देवानं काही उत्तर दिलं नाही. पाऊस तसाच पडत राहिला. पण इतकं ओरडूनही जे त्याच्या छातीत कित्येक आठवडे अडकलं होतं ते सुटलं, आणि मरायच्या जागी उभं असून त्याला एकटं वाटेना. पुढं त्यानं कितीदा सांगायचा प्रयत्न केला, पण यापेक्षा नीट त्याला ते कधीच सांगता आलं नाही.

कादरचा टेम्पो आल्याचा आवाज सुशीलाबाईनं आधी ऐकला. माल बांधायचा दोर आला, शेजारची चार माणसं आली. काखेतून दोर घालून ओढताना रंगनाथ गुरासारखा ओरडला. वर आला तेव्हा त्याच्या मनगटावर सुशीलाबाईच्या बोटांचे काळेनिळे वळ होते, आणि तिची बोटं मदिनाबीला एकेक करून सोडवावी लागली.

पाय घोट्यावर मोडला होता. ऑपरेशन झालं, सळई बसली. घरी आणल्यावर रंगनाथ पुढच्या खोलीत खाटेवर पडून राहिला आणि दारातून बघत राहिला. त्याच्या विहिरीत आता दुसरी माणसं उतरत होती. पाळक रणपिसे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घमेली उचलत होते. मंडळीतली माणसं कारखाना, दुकान, ऑफिस सुटल्यावर येत आणि अंधार पडायच्या आत मुरूम चोपून जात. कादर सगळ्यांवर खेकसत होता, "थर पातळ, थर पातळ घ्या, घाई करू नका." रंगनाथला पडल्या पडल्या शरमेनं मेल्यासारखं होई. जन्मभर त्यानं कुणाचं फुकट घेतलं नव्हतं. आता लघवीचं भांडं लावायलासुद्धा बायको लागत होती.

"हे सगळे माझ्यासाठी का करतायत?" त्यानं एकदा सुशीलाबाईला विचारलं. "त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी मी विटा तासत होतो."

"त्यांनी तासून ठेवलेल्या विटा बघितल्या," ती म्हणाली. "म्हणाले, काम नीट केलंय."

त्याला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. सुशीलाबाईनं त्याच्याकडं पाठ करून भांडी आवरली, त्याला पुरतं रडू दिलं.

विहीर भरली, पण मागची खोली काही परत आली नाही. तिथं आता मुरमाचा सपाट चौकोन होता आणि कडेला पत्र्याचा संडास. एका खोलीत गॅस, खाट, पिंप आणि तिघं. रंगनाथच्या पायामुळं खाट भिंतीशी सरकवता येत नव्हती, आणि कल्याणीला पाय पसरायला जागा उरली नव्हती. एके दिवशी तिनं बॅग भरली. मगरपट्ट्याजवळ मैत्रिणीबरोबर पीजीत जागा मिळाली होती.

"पप्पा, टेन्शन घेऊ नका. वीकेंडला येतेच आहे मी. तिथून लॅब पण जवळ पडते."

"घर तुझ्यासाठी बांधलं होतं गं," तो म्हणाला. आणि इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून ते फुशारकीसारखं नाही, माफी मागितल्यासारखं आलं.

ती गेली त्या दुपारी सुशीलाबाई दळण आणायला बाहेर पडली होती. रंगनाथ एकटाच ताटापुढं बसला. भाकरी, मेथीची भाजी, मिठाची चिमूट. त्यानं हात पुढं केला आणि थांबवला. डोळे मिटले. घर अर्धं, पाय अर्धा, मुलगी दुसऱ्याच्या छपराखाली. त्याला राग आला, आणि तो रागही त्यानं तसाच देवापुढं ठेवला, मार्थाबाईंनी सांगितलं होतं तसा. बराच वेळ तो भांडला. भाजी गार झाली. शेवटी भांडण संपल्यावर जे उरलं ते तो म्हणाला, "पण तिला वाचवलंस." मग जेवला.

काठीनं चालता यायला लागल्यावर तो एका रविवारी उपासनेला गेला. नाताळाखेरीज तो कधी दिसत नसे, म्हणून मंडळी वळून वळून बघत होती. कल्याणी शनिवारीच घरी आली होती, ती आधाराला त्याच्या डाव्या बाजूला बसली, सुशीलाबाई बायकांच्या बाजूला. साक्षीच्या वेळी पाळक म्हणाले, "कुणाला देवाचे आभार मानायचे असतील तर पुढं न येता जागेवरूनच सांगा." एकजण ताप उतरल्याबद्दल बोलला. एक मुलगी परीक्षेबद्दल बोलली. मग रंगनाथ काठीवर भार देऊन उठला. कल्याणीनं त्याचं कोपर धरलं.

"मला बोलायची सवय नाही," तो म्हणाला. "माझी मुलगी जिथं झोपायची तिथं खाली काही नव्हतं. जमीनच नव्हती. मला माहीत नव्हतं. मी पलीकडच्या खोलीत झोपलेला असायचो. आणि ती रोज सकाळी उठायची. चहा प्यायची, हेल्मेट घालायची, कामाला जायची. रोज."

त्यानं काठीवरचा हात बदलला.

"इतकी वर्षं मी एकदाही आभार मानले नाहीत," तो म्हणाला, "कारण काही झालंच नव्हतं."

"आता मानतो," असं म्हणून तो खाली बसला. कल्याणीनं कोपर सोडलं नव्हतं. ती समोर बघत होती.

पाळक चष्मा पुसायला लागले. पुढच्या बाकावरून, मागं न वळता, मार्थाबाई म्हणाल्या, "अहो, आमेन म्हणा की कुणीतरी."

मंडळी आमेन म्हणाली. सुशीलाबाईचा आवाज त्यात नव्हता. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.